टोकियोतल्या निशी-कासाईला राहायला येताय? मग आधी स्टेशन समजून घ्या

दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतोच, "दादा, घर निशी-कासाईला मिळालंय, ऑफिस शहराच्या मध्यात ओतेमाचीला आहे, ट्रेनचं कसं काय करायचं?" आणि मी दर वेळी तेच तेच टाइप करत बसतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतोय, पुढच्या वेळी सरळ हेच पाठवीन. टोकियोच्या ट्रेनबद्दल वाचायला गेलात तर सगळीकडे शिंजुकू स्टेशनचंच कौतुक, दोनशेच्या वर एक्झिट आणि काय काय. अहो पण तुम्ही रोज सकाळी तिथून थोडीच चढणार आहात? तुमचं स्टेशन हे, पुलावरचं छोटंसं, दोन ट्रॅक, दोन प्लॅटफॉर्म, खाली दुकानं आणि दोन बाजूंना दोन एक्झिट. हे एक नीट कळलं की बाकीचं टोकियो आपोआप जमतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा. टोकियो मेट्रोची तोझाई लाइन या भागात १९६९ मध्ये आली, पण तेव्हा इथे स्टेशनच नव्हतं, मिनामी-सुनामाचीनंतर नदी ओलांडली की थेट कासाई. मधलं हे निशी-कासाई १ ऑक्टोबर १९७९ ला सुरू झालं. मग वायटूकेच्या, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये साल २००० लागताना होणाऱ्या घोळाच्या कामाच्या वेळी, २००० च्या आसपास, भारतातले आयटीवाले मोठ्या संख्येने इकडे आले, कारण ओतेमाची-निहोनबाशीची ऑफिसं एका गाडीत, आणि जवळच युआर म्हणजे सरकारी संस्थेची घरं, ज्यांना ना की-मनी (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम) लागतं ना जामीनदार. तेव्हापासून आपला हा एदोगावा वॉर्ड म्हणजे टोकियोत भारतीयांची सगळ्यात जास्त वस्ती. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डच्या असेंब्लीत निवडून आले, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी स्टेशनबाहेर कुणीतरी मराठीत फोनवर भांडताना ऐकू आलं तर दचकू नका.

नाव पाठ करा, अर्धवट नको

हसू नका, पण पहिली चूक इथेच होते. निशी म्हणजे पश्चिम. निशी-कासाई वेगळं, त्याच्या पुढचं कासाई वेगळं, आणि कासाई-रिंकाई-कोएन हे तिसरंच, ते तर मेट्रोचं नाहीच, जेआर म्हणजे दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या केइयो लाइनवर समुद्राच्या बाजूला आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं "कासाई" सांगितलं की तो कुठेही नेऊ शकतो. आणखी एक घोळ म्हणजे निशी-फुनाबाशी, ते लाइनचं शेवटचं टोक, चिबा प्रांतात, आणि गाडीवर बऱ्याचदा तेच नाव असतं, त्यामुळे दमून आलेला माणूस "निशी" वाचून निवांत बसून राहतो. यावर सोपा उपाय म्हणजे स्टेशनचा नंबर. आकाशी रंगाच्या गोलात इंग्रजी टी आणि खाली १६, हे आपलं. पंधरा मिनामी-सुनामाची, सतरा कासाई. नकाशा जपानीत असला तरी नंबर वाचता येतोच.

कार्ड आधी, बाकी सगळं नंतर

सुइका किंवा पास्मो, म्हणजे गेटवर टेकवायची रिचार्जची कार्डं, दोन्हींत रोजच्या वापरापुरता काही फरक नाही, २०१३ पासून देशभरात एकमेकांच्या जागी चालतात, बसला चालतात, कोनबिनीत म्हणजे चोवीस तासांच्या दुकानांत चालतात. तरी पण तुम्ही तोझाई लाइनवरून रोज ये-जा करणार असाल तर मी पास्मो घ्या म्हणेन, कारण पुढे महिन्याचा पास त्यावरच काढायचा आहे आणि सुइका हे जेआरचं कार्ड. मशीनवर इंग्रजी बटण असतं. ५०० येन डिपॉझिट जातं. घेताना नाव टाकून घ्या, बिननावाचं घेऊ नका, कारण हरवलं तर नावाचंच परत मिळतं: स्टेशनवर जाऊन ब्लॉक करायचं, दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांच्या आत नवीन घ्यायचं, फी ५२० आणि डिपॉझिट ५०० असे १,०२० येन जातात, पण आतले पैसे आणि पास वाचतो. सहा महिन्यांचा पास असलेलं कार्ड हरवलं तर हे १,०२० येन देताना अजिबात दुःख होत नाही, स्वानुभव आहे.

आयफोन असेल तर तर उत्तमच, भारतातून आणलेल्या फोनमध्ये पण कार्ड टाकता येतं, आणि गेटवर फोन अनलॉक सुद्धा करावा लागत नाही. भारतात घेतलेल्या अँड्रॉइडमध्ये मात्र बहुतेक वेळा ती चिपची सोय नसते, उगाच तासभर सेटिंग शोधत बसू नका. आणि भारतातल्या बँकेच्या कार्डाने मोबाइलवर रिचार्ज होईलच याचा भरवसा नाही, म्हणून पहिल्या महिन्यात खिशात रोख ठेवा. मशीन नोटा घेतं. कार्डात जास्तीत जास्त २०,००० येन मावतात. फक्त फिरायला आलेले आईबाबा वगैरे असतील तर त्यांना वेलकम सुइका द्या, डिपॉझिट नाही, २८ दिवस चालतं, फक्त उरलेले पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दिवशी कोनबिनीत ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा घेऊन संपवा.

भाडं किती? मेट्रोचं सगळ्यात कमी तिकीट १८० येन, कार्डाने १७८. निशी-कासाई ते निहोनबाशी २१० च्या टप्प्यात बसतं. मेट्रोमधून तोएई सबवेला बदललात तर ती वेगळी कंपनी, दोन भाडी लागतात, पण कार्ड असेल तर ७० येनची सूट आपोआप मिळते.

पास काढताना काय बघायचं

जपानी ऑफिस बहुतेक वेळा जाण्यायेण्याचा खर्च देतं, पण कुठल्या रूटचा आणि किती महिन्यांचा ते आधी एचआरला विचारा, स्वतःच्या मनाने काढू नका. पास १, ३ आणि ६ महिन्यांचा असतो, तीनला ५ टक्के सूट, सहाला १० टक्के. चौदा दिवस आधीपासून काढता येतो. गंमत अशी की पास हा दोन स्टेशनांचा असला तरी मधल्या कुठल्याही स्टेशनवर कितीही वेळा उतरा-चढा, फुकट. म्हणून मी एकाला सांगितलं होतं की ऑफिसला जवळ पडणारी दोन स्टेशनं असतील आणि भाडं सारखंच असेल तर लांबचं घे, संध्याकाळी फिरायला एक स्टेशन जास्तीचं मिळतं. आता हे ऑफिसच्या नियमात बसतं का ते तुमचं तुम्ही बघा.

पासच्या बाहेर गेलात तर तेवढंच जास्तीचं भाडं कार्डातून कापलं जातं, दंड वगैरे काही नाही. पण कार्डात पैसेच नसतील तर गेट फाटकन बंद होतं आणि मागचे लोक थबकतात. घाबरायचं नाही. कुणी ओरडत नाही, टीसी येत नाही. दोन पावलं मागे या, गेटच्या आतल्याच बाजूला भाडं पुरं करायचं मशीन असतं, त्यात कार्ड टाका, पैसे टाका, परत या. कागदी तिकीट घेताना भाड्याचा हिशेब लागत नसेल तर तीच युक्ती, सगळ्यात स्वस्त तिकीट काढा आणि उतरल्यावर फरक भरा, हे इथे पूर्ण कायदेशीर आहे.

मुलांचं: सहा वर्षांखालची मुलं एका मोठ्यामागे दोन फुकट. पहिलीत गेल्यावर अर्धं भाडं, पण त्यासाठी मुलाच्या नावाचं वेगळं कार्ड लागतं, वयाचा पुरावा दाखवून घ्यायचं. ते कार्ड लावलं की गेट पिल्लासारखं चिवचिवतं. आमची धाकटी पहिल्या दिवशी तीनदा आत-बाहेर करायला निघाली होती.

फास्ट इथे थांबत नाही

आता मुख्य मुद्दा, झोपेत विचारलं तरी सांगता आला पाहिजे. तोझाई लाइनवर गाड्या तीन प्रकारच्या: काकुएकी-तेइशा म्हणजे स्लो, काइसोकू म्हणजे फास्ट, आणि त्सूकिन-काइसोकू म्हणजे सकाळच्या गर्दीतली फास्ट. भाडं तिन्हींचं सारखंच. फास्ट गाडी नाकानोपासून तोयोचोपर्यंत सगळीकडे थांबते, अगदी गरीब गाय, आणि तोयोचो सुटलं की एकदम उरायासू. मिनामी-सुनामाची, आपलं निशी-कासाई आणि कासाई, तिन्ही गाळून. म्हणजे संध्याकाळी ओतेमाचीहून जी समोर आली ती पकडली, जागा मिळाली, मोबाइल काढला, की थोड्या वेळाने खिडकीतून स्वतःचं घर मागे जाताना दिसतं. मी पहिल्या आठवड्यात दोनदा उरायासूला गेलो, दुसऱ्या वेळी हातात दही आणि कोथिंबीर होती.

पण म्हणून फास्ट कायमची सोडून पण द्यायची नाही. ओतेमाचीला फास्ट आधी आली तर तोयोचोपर्यंत तिने या आणि तिथे उतरून मागच्या स्लोची वाट बघा, गर्दी कमी असेल तर हे बरं पडतं. स्लोमध्ये बसलात तर निशी-कासाईला उतरणाऱ्याला काहीच त्रास नाही. पण पुढे कासाईला राहणाऱ्या मित्राकडे जात असाल तर लक्षात असू द्या, कासाईच्या स्टेशनात मधून दोन जास्तीचे ट्रॅक आहेत, तिथे स्लो गाडी थांबवून ठेवतात आणि फास्ट मधून सुसाट निघून जाते. उलट शहराकडे जाताना पण तेच, तुमची स्लो कासाईला थांबून राहिली की इथे प्लॅटफॉर्मवर उभं राहून फास्ट धडधडत जाताना बघायची.

सकाळची त्सूकिन-काइसोकू मात्र आपल्या बाजूची आहे: निशी-फुनाबाशी ते उरायासू ती स्टेशनं गाळते आणि उरायासूनंतर सगळीकडे थांबते. म्हणजे नावात फास्ट असलं तरी निशी-कासाईला थांबते, बिनधास्त चढा. नवीन लोक बोर्डावर फास्टसारखं काहीतरी दिसलं म्हणून सोडून देतात.

आणि प्लॅटफॉर्मचं: इथे दोन ट्रॅकच्या दोन बाहेरच्या बाजूंना दोन वेगळे प्लॅटफॉर्म आहेत, मध्ये एकच असं नाही. म्हणजे जिना चढतानाच ठरवायचं. नाकानो, मिताका लिहिलंय ते शहराकडे. निशी-फुनाबाशी, त्सुदानुमा, तोयो-कात्सुतादाई लिहिलंय ते उलट, चिबाकडे. चुकलात तर खाली उतरून दुसरा जिना चढा, गेटबाहेर जायचं नाही.

सकाळची गर्दी

स्पष्टच सांगतो, ही लाइन गर्दीसाठी कुप्रसिद्ध आहे. २०१९ पर्यंत किबा ते मोनझेन-नाकाचो या एका टप्प्यावर सकाळी ७:५० ते ८:५० मध्ये गाडीच्या क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी मोजली जायची, टोकियोत सगळ्यात वाईट. कोविडनंतर ऑफिसं थोडी घरून चालायला लागली आणि ती बरीच उतरली, तरी पण आरामात बसून जाल असं काही नाही. डोंबिवलीवाले म्हणतील ही काय गर्दी, दारात लटकलेला एकही माणूस नाही. बरोबर आहे, पण दारं बंद असतात त्यामुळे सगळा दाब आतच राहतो, आणि सगळे गप्प, हा गप्पपणा पहिल्या दिवशी गर्दीपेक्षा जास्त अंगावर येतो.

गर्दी फोडायला मेट्रोने काय काय केलंय. दारं रुंद केली, २०१० पासूनच्या नव्या गाड्यांचं प्रत्येक दार १.८ मीटरचं आहे. २०१९ च्या सुरुवातीला तर एक भन्नाट स्कीम काढली होती, पुरेसे लोक गर्दीच्या आधी आले तर फुकट खायला: २,००० झाले तर तेम्पुरा म्हणजे तिकडची भजी, २,५०० झाले तर सोबा म्हणजे रस्श्यातल्या नूडल्स, ३,००० झाले तर दोन्ही. आपण शाकाहारी असलो तर त्या सोब्याच्या रस्श्यात पण मासा असतो हा भाग वेगळा.

व्यवहारात काय करायचं? शक्य असेल तर साडेसातच्या आधी निघा किंवा नऊनंतर. ते जमत नसेल तर टाइमटेबलमध्ये उरायासूच्या पलीकडच्या म्योदेन स्टेशनहून सुटणारी गाडी शोधा, निशी-फुनाबाशीहून भरून आलेलीपेक्षा ती थोडी रिकामी असते. जिन्याजवळचे डबे सगळ्यात भरलेले, म्हणून दोन मिनिटं आधी येऊन प्लॅटफॉर्मच्या टोकाला चाला, दहा डब्यांची गाडी आहे, भरपूर चालायला मिळतं. पण तुम्ही जिथे उतरणार तिथला जिना कुठल्या डब्यासमोर येतो हे एकदा बघून ठेवा, नाहीतर इथे वाचवलेला श्वास तिथे जाईल. शहराकडे जाणाऱ्या गाडीला आठवड्याच्या दिवशी सकाळी एक डबा फक्त बायकांसाठी असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी पाटी बघा. आपले पुरुष नकळत घुसतात आणि मग सगळ्या नजरा... असो.

रांगेत उभं राहायचं, उतरणाऱ्यांसाठी बाजूला व्हायचं. तुम्ही दाराशी उभे असाल आणि मधल्या स्टेशनवर लोक उतरत असतील तर खाली उतरून दाराच्या कडेला थांबा आणि परत चढा, कुणी जागा पटकावत नाही. बॅग पाठीवरून काढून पोटावर. आत अडकलात आणि उतरायचंय तर "सुमिमासेन, ओरिमासू" (माफ करा, उतरतोय) एवढं म्हणा, वाट होते. फोन सायलेंट, बोलणं बंद, आईचा फोन आला तरी उचलायचा नाही, मेसेज टाका. खायला कायद्याने बंदी नाही, पण डब्यातला लसणीचा वास तुम्हाला कितीही प्रिय असला तरी नको. एस्कलेटरवर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकाला उजवीकडे, आणि रेल्वेवाले खरं तर सांगतात की दोन्हीकडे उभे राहा, चालू नका.

कचऱ्याचा डबा शोधू नका, मेट्रोने २०२२ च्या जानेवारीत सगळ्या स्टेशनांतले डबे काढून टाकले. कचरा बॅगेत घालून घरी न्यायचा.

गाडी बंद पडली की

आपण आणि शहर यांच्यामध्ये अराकावा नदी आहे. मिनामी-सुनामाचीनंतर गाडी जमिनीखालून वर येते आणि किलोमीटरभराहून लांब पुलावरून जाते. २८ फेब्रुवारी १९७८ ला याच पुलावर वावटळीने गाडी उलटवली होती, डबे आडवे झाले, लोक जखमी झाले. त्यामुळे आज जोराचा वारा सुटला की इथली वाहतूक मंद होते किंवा थांबते, आणि खाली भुयारात असलेल्या लोकांना कळतच नाही की वरती वारा आहे. तुफान येणार असेल तर आदल्या रात्रीच अ‍ॅप बघा आणि ऑफिसला सांगून ठेवा.

थांबली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, उशिराचा दाखला. पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की मेट्रो छोटं सर्टिफिकेट देते, वेबसाइटवर पण मिळतं, ते ऑफिसला दाखवलं की लेट मार्क लागत नाही. दोन, फुरिकाए, म्हणजे बंद लाइनऐवजी दुसऱ्या लाइनने फुकट जाणं. यात गोम अशी की हे पासवाल्यांना आणि कागदी तिकीटवाल्यांना मिळतं, कार्डातले सुटे पैसे वापरून प्रवास करणाऱ्याला नाही. पास काढण्याचं हे पण एक कारण. दुसरी लाइन कुठली? उत्तरेकडे बसने फुनाबोरी, तिथून तोएई शिंजुकू लाइन, तीच बस पुढे शिन-कोइवाला जेआरपर्यंत जाते. नाहीतर दक्षिणेकडे कासाई-रिंकाई-कोएनला केइयो लाइन. हे दोन्ही रस्ते एखाद्या निवांत रविवारी एकदा करून बघा, वादळाच्या दिवशी पहिल्यांदा नको, कारण त्या दिवशी बसच्या रांगेत सगळं निशी-कासाई असतं.

ठरवून बंद ठेवतात तेव्हा मात्र आधी भरपूर सांगतात. २०२४ च्या मे महिन्यात ११ आणि १२ तारखेला मिनामी-सुनामाचीच्या कामासाठी तोयोचो ते निशी-कासाई पूर्ण बंद होतं, पोस्टर कितीतरी आधीपासून लागली होती, तरी आमच्या बिल्डिंगमधले दोघं त्या सकाळी विमानाची बॅग घेऊन गेटवर उभे. पोस्टर जपानीत असलं तरी तारखा वाचा हो.

वस्तू विसरली तर

रडायचं नाही, बहुतेक मिळते. लगेच गेटशेजारच्या खिडकीत जाऊन सांगा: किती वाजताची गाडी, कुठल्या दिशेची, कितवा डबा. डब्याचा आणि दाराचा नंबर प्लॅटफॉर्मवर लिहिलेला असतो, रोज एकाच दाराने चढायची सवय लावली तर हे सांगता येतं. त्याच दिवशी नाही मिळाली तर मेट्रोचं हरवलेल्या वस्तूंचं मुख्य ऑफिस इइदाबाशी स्टेशनात आहे, तोझाई लाइनवरच, आणि तिथून वस्तू पोलिसांकडे जाते. माझी छत्री दोनदा मिळाली. तिसऱ्यांदा मीच गेलो नाही, लाज वाटली.

सायकल

घर पंधरा मिनिटांच्या पलीकडे असेल तर सायकल घ्याल, सगळेच घेतात. विकत घेतानाच तिची नोंदणी करून घ्या, ती सक्तीची आहे. पण स्टेशनसमोर रस्त्यावर लावू नका, उचलून नेतात आणि पैसे भरून लांबून सोडवून आणावी लागते. पैसे देऊन पार्किंगमध्ये लावा. पुढच्या कासाई स्टेशनाचं पार्किंग तर बघायला म्हणून जा: जमिनीखाली ३६ विहिरीसारखे टॉवर, प्रत्येकात १८० सायकली, तुम्ही सायकल दारात ठेवता आणि यंत्र ती गिळून खाली नेतं, कार्ड लावलं की अर्ध्या मिनिटाच्या आत परत. मुलं तासभर बघत बसतात. तिथेच रुळांच्या पुलाखाली मेट्रोचं म्युझियम पण आहे, १९८६ पासूनचं, गाडी चालवायचं सिम्युलेटर आहे, सोमवारी बंद. आपल्या निशी-कासाईच्या उत्तर एक्झिटने चालत गेलात तर ग्योसेन पार्कमध्ये फुकटातलं छोटं प्राणिसंग्रहालय आहे, रेड पांडा आहे, ते पण सोमवारी बंद. म्हणजे सोमवारी सुट्टी असेल तर घरीच बसा.

शेवटची गाडी

रात्री बारानंतर फार वेळ गाड्या नाहीत, मग पहाटे पाचपर्यंत शुकशुकाट. शनिवार-रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं, म्हणून शुक्रवारी रात्री बघितलेली वेळ शनिवारी धरू नका. ऑफिसची पार्टी असेल तर निघायच्या आधी शेवटची गाडी कुठपर्यंत जातेय ते बघा, कारण काही गाड्या मध्येच तोयोचोला संपतात आणि पुढे नदी आहे, चालत येणं म्हणजे तासाभराचं काम. आणि बसायला जागा मिळाली तर सगळ्यात जास्त सावध राहा. डोळा लागला आणि गाडी तोयो-कात्सुतादाईची निघाली तर तुम्ही चिबात खूप आत जाऊन उठता, परतीची गाडी नाही, आणि टॅक्सीवाला मीटर टाकताना फार नम्रपणे वाकतो. मी आता शेवटच्या गाडीत कितीही जागा असली तरी उभाच राहतो.